पट्टा मागणारं गिऱ्हाईक

वन्सं गेल्याचा फोन सुदामा नगरातून त्यांच्या शेजारणीनं केला, तेव्हा मला आधी खरंच वाटलं नाही. वाटलं, त्यांनीच करायला लावला असेल, कोण धावत येतंय ते बघायला... माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण तशीच होती. दूधवाल्यानं थोडं जास्त माप घातलं तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. म्हणायच्या, "याला माझ्याकडून काय हवंय?"

एकटीनं, शिवणकामावर त्यांनी आयुष्य काढलं. मशीन त्यांच्या आजेसासूची. पायाची, काळी, वरची सोनेरी वेल पुसत आलेली. काम संपलं की त्या चाकावरचा चामडी पट्टा काढून लपवून ठेवायच्या. पट्ट्याशिवाय मशीन चालत नाही, म्हणजे त्यांच्या मागे कोणी मशीनवर बसलं तरी नुसतंच पाय हलवणार! ओळखीत कोणाला जुनी मशीन घ्यायची असली की भाव ठरवायला वन्संना नेत, आणि वन्सं मला नेत. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड उघडत नसे, म्हणून मी त्यांना सोबतीला बरी वाटायची. मशीनकडे त्या नंतर बघायच्या, आधी विकणाऱ्याकडे. ताजं तेल दिसलं की उठायच्याच. "चल शालन. आज तेल पाजलंय म्हणजे काल ओरडत असणार." रस्त्यात मला म्हणायच्या, "आपण विकायला बसलो की कमी सांगतो तो लबाड असतो. पण जास्त सांगतो त्याला जास्त भ्यावं. त्याला आपल्यापेक्षा काहीतरी जास्त दिसलेलं असतं."

शेवटची भेट झाली तेव्हा त्या अंथरुणावरच होत्या. मी विचारलं, "वन्सं, मशीन कोणाला द्यायची?"

"देऊ नकोस, वीक. फुकटच्या वस्तूला कोणी तेल घालत नाही." मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "पट्टा पोह्यांच्या डब्यात आहे. मागितल्याशिवाय काढू नकोस." मला वाटलं, संशय अजून सुटला नाही बाईचा...

तेरावं झालं, मशीन पोह्यांच्या डब्यासकट आमच्या घरी आली, आणि माझा मुलगा मिलिंद एका माणसाला घेऊन आला. गोड बोलणारा. मशीनभोवती फिरला, खालच्या लोखंडी जाळीवर हात फिरवला, फोटो काढले. "आंटीजी, एंटीक पीस है. पंद्रह हजार दूंगा." नवीसुद्धा याहून कमीत येते. याला काय दिसलंय? बराच वेळ मी त्याच्या हातांकडेच बघत होते. चाक त्यानं एकदाही फिरवलं नाही. पट्टा कुठे आहे, हेही विचारलं नाही.

"चलाके नहीं देखोगे?" मी कशीबशी म्हणाले.

तो हसला. "चलाना किसको है? ऊपर का निकाल देंगे, काँच लगाके टेबल बनेगी. होटलवाले लेते हैं."

मी मिलिंदला आत बोलावलं आणि नाही म्हणाले. "आई, तो भिया नवीहून जास्त भाव देतोय, और क्या चाहिए तुला?" तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मलाही धाकधूक होतीच. एवढा भाव पुन्हा कोण देणार?

मग सांवेरहून एक बाई आली, वन्संच्या त्याच शेजारणीच्या ओळखीची. गावात ब्लाउज-परकर शिवते. पाणी घेण्याआधीच म्हणाली, "पट्टो कठे है, बेनजी?"

मी उठले आणि पोह्यांचा डबा उघडला.

तिनं पिशवीतून स्वतःची जाड चिंधी काढली, दुहेरी करून शिवली, उलटी करून खालची शिवण बघितली. मग म्हणाली, "चाक बोले है. सात हजार." मला राग आला. भाव पाडायला बोलतेय, असं वाटलं. कान लावून ऐकलं तर चाक खरंच कुरकुरत होतं... वन्सं आजारी पडल्यापासून तेल कोणी घातलं होतं? तरी मी "नऊ" म्हणाले. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. आठावर आम्ही दोघी थांबलो.

"निम्म्यात दिलीस," मिलिंद म्हणाला.

टेंपोवाला मशीन चढवत होता. बाईनं त्याच्याकडे एकदा नीट बघितलं, चाकावरचा पट्टा काढला, गुंडाळला आणि आपल्या कमरेच्या पिशवीत खोल दडवला. मग ती मशीनशेजारी चढून बसली.

भाव बरोबर झाला होता. मी घरात आले. पोह्यांच्या डब्याला अजून चामड्याचा वास येतो. मी तो घासलेला नाही.