ओट्यावरची विधानसभा

उत्तम आप्पांच्या डोक्यावर टोपी असली की ते अध्यक्ष असत, टोपी हातात आली की मंत्री, आणि खिशात गेली की विरोधी पक्षाचे आमदार. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टोपी खिशात होती. एका उपड्या खोक्याकडे हात करून ते गुजरातीत विचारत होते, की एस.टी.च्या तिकिटावर जो कर घेता तो रस्त्यापर्यंत पोचतो, की मधल्याच थांब्यावर उतरतो? ओट्याखाली बसलेली माणसं हसली. मग आप्पांनी टोपी काढून हातात घेतली, चेहरा गंभीर केला आणि स्वतःलाच असं चोख उत्तर दिलं, की मघाशी हसणारी माणसं माना डोलवू लागली.

हे नव्वदच्या दशकातलं सुरत. तुमचे आजोबा पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये इंजिनियर होते आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. आमच्या सोसायटीमागे, बमरोलीच्या रस्त्याला, खानदेशातून आलेल्या कामगारांची चाळ होती. आप्पा तिथे राहत. ते अमळनेरकडचे. सारा जन्म यंत्रमागावर गेला. शेवटी जॉबर झाले, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून तिथे माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. आप्पांचं नकलेचं कसब तिथेच तयार झालं असावं.

काम कायमचं सुटल्यावर त्यांनी एक नाद लावून घेतला. विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं की ते आमदाराकडून पास मिळवत, अहमदाबादला भाच्याकडे मुक्काम टाकत आणि गांधीनगरला प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसत. परत आले की चाळीच्या ओट्यावर सगळी चर्चा करून दाखवत. कारखान्यांची वीज आठवड्यातून एक दिवस बंद असे. त्या दुपारी हा कार्यक्रम ठरलेला.

एकदा त्यांना गॅलरीतून बाहेर काढलं होतं. ती गोष्ट ते मोठ्या अभिमानाने सांगत. "मी तोंड उघडलं असेल तर जीभ कापा, बाई. पलीकडच्या रांगेत आपल्याच मागखात्यातला एकजण बसलेला. त्यानं हातानं विचारलं, मंत्री काय म्हणतो? मी हातानं सांगितलं, पैसा नाही म्हणतो. तर तो पहारेवाला आला. 'काका, हाथ नीचे राखो.' हात खाली तर खाली. मग मी भुवयांनी सांगायला लागलो." भुवयांवर मात्र त्यांची बाहेर रवानगी झाली.

या प्रसंगाचा त्यांच्यावर परिणाम असा झाला, की ओट्यावरही त्यांनी गॅलरीचे नियम लावले. बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, हात हलवायचे नाहीत. कोणी कुजबुजलं तर टोपी डोक्यावर चढे आणि अध्यक्ष त्याला समज देत. लोकांना त्यातही मजा वाटे.

घरी ते अहिराणी बोलत, आमच्याशी मराठी. पण एक वाक्य ते कुठेही अहिराणीतच म्हणत: "त्यानं बी आयकी ल्या." त्याचंही ऐकून घ्या. नळावरचं भांडण असो नाहीतर घरातलं, आप्पा आधी परक्याची बाजू ऐकत. एकदा त्यांची मुलगी नवऱ्याशी भांडून माहेरी आली. मागोमाग जावई आला. आप्पांनी आधी त्यालाच पाट दिला आणि म्हणाले, "बोला पाहुणे." मुलगी त्या दिवाळीत बापाशी बोलली नाही.

त्यांच्या बायकोचं नाव जिजाबाई. अंगाने किरकोळ, बोलणं कमी आणि टोकदार. घरी मागाच्या बॉबिनवर सूत भरता भरता तिला दमा जडला होता. मुलगा मिलमध्ये असल्यामुळे त्याच्या विम्यावर तिला कामगारांच्या मोठ्या दवाखान्यात औषध मिळे. दर मंगळवारी ती बमरोलीच्या बसने तिकडे जायची. ती बस आमच्या फाटकासमोर थांबायची. कधी शाळेत जाताना मी तिच्याशेजारी बसे. जिना चढल्यासारखा श्वास घेत ती म्हणायची, "हाई बस शे म्हणून मी शे, बाई." ही बस आहे म्हणून मी आहे.

पुढच्या अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात त्या बसचाच विषय निघाला. तोट्यात चालणाऱ्या बसगाड्या बंद करायच्या, असा प्रस्ताव होता. चाळीतल्या लोकांनी गांधीनगरला जाऊन निवेदन द्यायचं ठरवलं. काय बोलायचं हे कळावं म्हणून आधी आप्पा गॅलरीत जाऊन आले, आणि सुट्टीच्या दुपारी ओटा गच्च भरला. मीही खुर्ची घेऊन गेले होते.

टोपी खिशात घालून आप्पा प्रथम आमदार झाले. गरिबांची गाडी, कराचा पैसा, कामगारांचे हाल, सगळं नीट मांडलं. मग टोपी हातात आली. "माननीय अध्यक्षश्री," आप्पा हळू आवाजात म्हणाले, "आजारी माणसाला दवाखान्यापर्यंत नेण्यासाठी मी तोट्यातली गाडी चालवू? त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवू? त्यापेक्षा गाडीचे पैसे वाचवतो आणि दवाखानाच त्याच्या दारात आणून देतो. आता सन्माननीय सभासदांनी सांगावं, कामगाराचा कैवारी कोण?"

शेजारचा म्हातारा "बरोबर शे" असं पुटपुटला. तेवढ्यात मागे, उंबऱ्यावर बसलेल्या जिजाबाईने हात वर केला.

आप्पांनी टोपी डोक्यावर चढवली. "गॅलरीतून हात वर करता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "हाथ नीचे राखो."

सगळे खो खो हसले. जिजाबाईने हात खाली घेतला आणि पदर सारखा केला.

निवेदनाला कोणी गेलं नाही. दवाखाना दारात येणार असेल तर बसचं काय लोणचं घालायचं, असं लोकांचं मत पडलं. उन्हाळा सरायच्या आत बस बंद झाली. दवाखानाही आला, मंत्री शब्दाला जागले. दोन खोल्या, एक डॉक्टर, ताप-खोकल्याच्या गोळ्या. दम्याचं इंजेक्शन आणि वाफेचं यंत्र मात्र मोठ्या दवाखान्यातच होतं. इथे काय मिळेल आणि काय नाही, हे आधी कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मंगळवारी आप्पा बायकोला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेऊ लागले. पुलाच्या चढावर ते उतरून सायकल ढकलत. आमच्या फाटकावरून जाताना जिजाबाई मला म्हणायची, "मंत्रीन्ही गाडी निंघनी, बाई." आप्पा मान खाली घालून पायडल मारत. पावसाळ्यात कधी कधी मंगळवार चुके, आणि त्या आठवड्यात तिचा खोकला सोसायटीपर्यंत ऐकू येई. चाळीतले काहीजण आप्पांना तोंडावर बोलत, "बस तूच बंद केलीस, आप्पा. मंत्र्याला एवढं येत नव्हतं जेवढं तू बोललास." 

मी एकदा त्यांना विचारलं, की पुढच्या वेळी मंत्री थोडा कच्चा केला तर? आप्पा आमच्या पायरीवर बसले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मंत्री लंगडा केला तर मी ओट्यावर जिंकीन, बाई. पण तिकडे गांधीनगरला तो लंगडा नाही ना. तिथं गेल्यावर आमचीच दातखीळ बसेल." मग म्हणाले, "चूक मंत्र्यात नव्हती. चूक माझ्या गॅलरीत होती. हिनं हात वर केला होता."

"काय विचारणार होत्या त्या?"

"ते मी रोज विचारतो. सांगत नाही. म्हणते, आते गयी ती बस."

पुढच्या अधिवेशनापासून ओट्यावरचा नियम बदलला. चर्चा संपली की आप्पा टोपी खोक्यावर ठेवत आणि मोकळ्या डोक्याने खाली, लोकांत येऊन बसत. ज्याला जे विचारायचं ते त्याने खोक्याला विचारावं. सुरुवातीला लोक लाजत. मग इतके प्रश्न येऊ लागले, की चर्चेपेक्षा प्रश्नच जास्त वेळ चालत. आप्पा दर वेळी मागे वळून उंबऱ्याकडे बघत. जिजाबाईने पुन्हा कधी हात वर केला नाही.

आप्पा गेले ते अचानक, सकाळी पाणी भरताना. त्या वर्षी गांधीनगरला कोणी गेलं नाही. टोपी खुंटीवर राहिली.

पुढे काही महिन्यांनी चाळीत एक अधिकारी आले. बमरोलीचा छोटा दवाखाना हलवून लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाला, इच्छापोरच्या रस्त्यावर मोठ्या जागेत न्यायचा होता. तिथे यंत्रं असतील, दोन डॉक्टर असतील, हे समजावून सांगायला ते आले होते. सभा त्याच ओट्यावर भरली. त्यांनी तोंड उघडताच आरडाओरडा सुरू झाला. एकाने खोकं ओढून घेतलं, दुसरा म्हणाला, आधी यांना रस्ता दाखवा. अधिकारी कागद गुंडाळू लागले.

"त्यानं बी आयकी ल्या."

आवाज मोठा नव्हता, मध्ये दमही लागला होता. पण ते वाक्य त्या ओट्यावर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. माणसं गप्प झाली. जिजाबाई उंबऱ्यावर बसली होती. अधिकाऱ्यांनी कागद पुन्हा उलगडले आणि सगळं सांगितलं: यंत्रं, डॉक्टर, खाटा. चांगलं बोलले ते. दोन-चार माना डोलल्याही.

त्यांचं बोलणं संपेपर्यंत ती थांबली. मग भिंतीला धरून उठली आणि तिने हात वर केला.

"आते मी इचारस," ती म्हणाली. "तठे जावाले बस कोनती?"