नागपूर मागितलं की अहमदाबाद मिळतं

माझ्या पदवीचं नियोजन आमच्या घरात जवळजवळ वर्षभर चाललं आणि त्यात सगळ्यांत कमी कोणी बोललं असेल तर ते मी. तेव्हा मी बारावीत होते. वडील विमा कंपनीत अधिकारी, दर तीन-चार वर्षांनी बदली, त्यामुळे आमच्या लोखंडी ट्रंका कधी पूर्ण रिकाम्या होत नसत. त्या वेळी त्या जयपूरला, बनी पार्कातल्या एका भाड्याच्या घराच्या खालच्या मजल्यावर अर्ध्या उघडलेल्या होत्या. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. रंगीत टीव्ही नुकताच घरात आला होता आणि सगळा घोळ त्यानंच घातला.

दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात पाणी वाचवण्याचा एक संदेश दाखवत. गळक्या नळाखालची बादली कंटाळून उठते, चार पावलं चालते, आपल्या कडीनं नळ बंद करते आणि पुन्हा जागेवर जाऊन बसते. बस, एवढंच. बादलीला पाय नव्हते तरी ती चालायची, तोंड नव्हतं तरी वैतागलेली दिसायची. बाकीचे बातम्यांसाठी टीव्ही लावत, मी बादलीसाठी. एकदा जेवताना मी जाहीर केलं की मला हे शिकायचंय, मतलब, चित्रं हलवायला.

"चित्रं काढते ते पुरत नाही, आता हलवून राहिली," आई म्हणाली आणि भाजी वाढू लागली.

वडिलांनी मात्र त्यातून स्वतःला हवं ते ऐकलं. त्यांच्या मुख्य कचेरीत नुकताच कॉम्प्युटर बसवला होता. त्यांनी तो काचेतून पाहिला होता आणि तेव्हापासून त्यांचा देवावरचा विश्वास थोडा कमी झाला होता. "हे सगळं पुढे कॉम्प्युटरच करणार," ते म्हणाले. "पेन्सिल घासत बसायचे दिवस गेले." ताटं उचलायच्या आत पदवी ठरली: गणित घेऊन बी.एस्सी., जोडीला कॉम्प्युटरचा कोर्स. मग कॉम्प्युटर चित्रं काढेल, तोच ती हलवेल, आणि मी शेजारी बसून पगार घेईन. असली पदवी देशात कुठे मिळते का, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे तिच्याविषयी सगळेच छातीठोकपणे बोलत.

कॉम्प्युटरचा क्लास आमच्याच कॉलनीत, एका बंगल्याच्या मागच्या खोलीत निघाला होता. त्या घरातला एसी फक्त कॉम्प्युटरला होता, माणसं पंख्याखाली बसत. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. धूळ जाऊ नये म्हणून खिडक्या चिकटपट्टीनं बंद केलेल्या, आणि हे जयपुरात, जिथे मे महिन्यात आंधी आली की डाळीतसुद्धा रेती लागते. सर सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळायचे. उदबत्तीची राख धुळीत मोडत नसावी.

"बेटा, कंप्यूटर सब कर देगा," ते मला म्हणाले. "तुम बस टाइपिंग सीख लो."

मी टायपिंग शिकले. हिवाळा लागेपर्यंत मला पडद्यावर वर्तुळ काढता यायला लागलं. हिरवे ठिपके एकेक करून उमटायचे, तोवर बाहेर जाऊन पाणी पिऊन यावं. वर्तुळ पूर्ण व्हायचं तेव्हा ते अंड्यासारखं असायचं. बादली तर चार तिरक्या रेषांच्या पुढे गेलीच नाही. घरी वडील रोज विचारायचे, "आज काय हललं?" आज वीज गेली, एवढंच खरं सांगण्याजोगं असायचं.

कॉम्प्युटरनं माझं एक भलं मात्र केलं. वडिलांच्या कचेरीत मुख्य कचेरीकडून छापील कागदांचे गठ्ठे येत. लांबच लांब, घड्या घातलेले, दोन्ही कडांना भोकांची रांग. काम झालं की ते रद्दीत जात, म्हणून वडील माझ्यासाठी घरी आणायचे. मागची बाजू कोरी असे. एकावर एक कागद ठेवून मी बादली थोडी थोडी पुढे सरकवत काढायची, पण कागद हलायचे आणि बादली झिंगल्यासारखी चालायची. एका दुपारी मी आईच्या जेवणाच्या पाटाला दोन खिळे ठोकले आणि कडेची भोकं त्यांत अडकवली. कागद जागच्या जागी बसले. गठ्ठा अंगठ्यानं फडफडवला आणि माझी बादली उठली, चार पावलं चालली. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत बसले. पुढे महालक्ष्म्यांच्या जेवणाला तोच पाट एका काकूंना मिळाला, तो भाग मी इथे सांगत नाही.

हे हाताचं काम खरोखर शिकवणारी एक संस्था अहमदाबादला आहे, हे मला शाळेच्या चित्रकलेच्या बाईंनी सांगितलं. बारावीनंतर परीक्षा, मुलाखत, मग प्रवेश. वडिलांनी चौकशी केली आणि खाली बसले. "पदवी देत नाहीत," ते म्हणाले. "डिप्लोमा देतात!" नात्यातलं कोणी गेल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता. पण मी बादली चालवून दाखवली. त्यांनी गठ्ठा माझ्या हातून घेतला, स्वतः फडफडवला, मग परत एकदा. त्यानंतर ते डिप्लोम्याला डिप्लोमाच म्हणत, पण रडवेल्या आवाजात नाही.

आता आई उरली. ती एरवी कशाला हट्ट धरत नसे. पण हे ऐकताच तिनं पदर खोचला. "पोरगी होस्टेलवर राहणार नाही. तुमची बदली तिथे झाली तर खुशाल शिकवा. नाहीतर इथे बी.एस्सी. करू द्या." त्यावर अपील नव्हतं. म्हणजे माझं सगळं भवितव्य आता वडिलांच्या बदलीवर येऊन टेकलं, आणि बदली म्हणजे काय, हे बदलीवाल्यांच्या घरात जन्मल्याशिवाय कळायचं नाही.

समोरच्या घरात बँकेतले एक काका राहत, मूळचे पुण्याचे. बदली या विषयात आमच्या मराठी मंडळींमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचा सिद्धान्त असा की जे हवं ते चुकूनही मागायचं नाही. "साहेबाला तुमच्या इच्छेचा वास लागला की संपलं! मी पुणं मागितलं, मला जयपूर दिलं. आमच्या शाखेतल्या एकानं जयपूर मागितलं, तो पुण्यात बसलाय." एवढ्या पुराव्यावर त्या काळी बदलीवाल्यांची घरंच्या घरं चालत.

वडिलांच्या हुद्द्याच्या दोन जागा त्या वर्षी रिकाम्या होणार होत्या, एक अहमदाबादला आणि एक नागपूरला. नागपूर म्हणजे आमचं गाव. आईचं माहेर तिथल्या महाल भागात, सासर धंतोलीत. लग्न होऊन ती जी बाहेर पडली ती पडलीच. वडिलांनी दर बदलीला नागपूर मागितलं होतं आणि कंपनीनं दर वेळी दुसरंच गाव दिलं होतं. काकांनी हे ऐकून टाळीच दिली. "मग अडलंय कुठे? नागपूर मागा! नागपूर तुम्हाला देत नाहीत हे सिद्धच आहे. उरलं काय? अहमदाबाद."

वडील शिकलेले होते, विम्याची गणितं करत, तरी त्यांना हे पटलं. मलाही पटलं. आईला विचारलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "लिहा बापा नागपूर. मिळत तर नाहीच." तिच्या बोलण्यात राग नव्हता.

एप्रिलात वडील आणि मी छोट्या लाइनच्या गाडीनं अहमदाबादला गेलो. मुलाखतीला मी आपली शहाणपणानं आधी कॉम्प्युटरचा कोर्स सांगितला. समोरच्यांपैकी कोणी मान वर केली नाही. मग मी गठ्ठा काढला. त्यांनी बादली चालवली, कागद उलटून आकड्यांच्या रांगा पाहिल्या, कडेची भोकं पाहिली, पाटाची गोष्ट ऐकली आणि एक बाई मोठ्यानं हसल्या. त्यांच्याकडे असाच पाट होता, फक्त विकत आणलेला. बाहेर येताना वडिलांनी दारातल्या शिपायाला विचारलं, कॉम्प्युटर कुठे ठेवलाय? तो म्हणाला, इथे पेन्सिलीच चालतात. मे महिन्यात माझी निवड झाल्याचं कळलं.

बदलीचा हुकूम त्यानंतर थोड्याच दिवसांत आला. वडील भरदुपारी स्कूटरवरून घरी आले, हेल्मेट न काढताच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नागपूर."

सगळ्या नोकरीत कंपनीनं त्यांचं ऐकलं ते हे एकदाच.

मी आईकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "खरंच?" तिनं विचारलं. मग देवापुढे साखर ठेवली, तीच वाटी उचलली आणि पळाली. फाटकातून बाहेर, तापलेल्या डांबरावरून, अनवाणी, एका हातात वाटी, दुसऱ्या हातानं साडीच्या निऱ्या उचललेल्या, समोरच्या काकूंना सांगायला. आईला मी त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला आणि ती इतकी सुंदर दिसत होती की तो टिकला नाही.

दोन दिवस ती गुणगुणत ट्रंका भरत होती. बर्डीवर कुठल्या दुकानातून काय घ्यायचं, तिच्या आईला रोज संध्याकाळी कसं भेटता येईल, हे मलाच सांगत होती, कारण ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. मी हो हो म्हणत कागद गुंडाळत होते. तिसऱ्या दिवशी तिनं पाट भरायला घेतला. त्यातल्या दोन खिळ्यांना तिचा हात लागला आणि ती तशीच बसून राहिली.

रात्रीच्या जेवणाला ती वडिलांना म्हणाली, "अहो, नागपूर परत करा. अहमदाबाद मागा. आणि खरं काय ते लिहा, त्या काकांचं ऐकू नका."

"अगं, पण नागपूर..."

"ते कुठे पळून नाही जात," आई म्हणाली.

वडिलांनी पहिल्यांदाच बदलीच्या अर्जात खरं कारण लिहिलं. वरचे साहेब चक्रावले. आपलं गाव मिळालेलं परत करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. असा माणूस सरळ नसणार, असं त्यांचं मत पडलं असावं. त्यांनी नागपूर दुसऱ्याला दिलं, अहमदाबाद तिसऱ्याला, आणि वडिलांना गुवाहाटी दिलं. समोरचे काका येऊन म्हणाले, "मी सांगितलं होतं, मागायचं नाही म्हणून!" एकूण त्यांचा सिद्धान्त अबाधित राहिला.

होस्टेलबद्दल मग कोणी काही बोललं नाही. अट घालणारीनंच माझी ट्रंक भरली, पाट तळाशी ठेवला आणि वर लोणच्याची बरणी. मी अहमदाबादच्या होस्टेलवर गेले, ते दोघं गुवाहाटीला. वर्षभर केलेल्या नियोजनातलं माझ्याखेरीज एकही माणूस ठरल्या गावी पोचलं नाही. पुढे आईनं बदलीच्या वेळी नागपूरचं नाव काढलं नाही.

पहिल्या सत्रात आम्हाला चालण्याचा अभ्यास दिला. ओळखीचं कोणी डोळ्यांसमोर आणायचं आणि ते चालताना काढायचं. मी आई काढायला बसले. तिचं रोजचं चालणं मला आठवेचना. पेन्सिल टेकवली की साखरेची वाटी उमटायची. शेवटी मी तेच काढलं, आणि काढताना मला रडू आवरेना.

सरांनी गठ्ठा फडफडवून पाहिला. "चालणं सांगितलं होतं," ते म्हणाले. "ही बाई पळतेय. कुठे चाललीय इतकी?"

"नागपूरला," मी म्हटलं.

त्यांनी कागद पुन्हा फडफडवले. आई पुन्हा पळाली, फाटकाबाहेर आली, आणि शेवटच्या कागदावर एक पाऊल उचललेलं तसंच राहिलं. पुढचे कागद मी काढले नव्हते.