कुठला दाखला लावू?

आमच्या मंगळवार पेठेत कुणाचा सरकारी कागद अडला की माणसं म्हणतात, "मास्तरास्नी विचारा जावा." तो मास्तर मी. सगळी नोकरी नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली. निवृत्त झालो तरी खोड काही जात नाही. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर आरक्षणाच्या सुनावणीची बातमी निघाली की पोरं ओरडायची, "मास्तर, काय हुईल ओ?" आणि मी चहा संपायच्या आत निकाल देऊन टाकायचो. दिल्लीतल्या न्यायमूर्तींना वर्ष लागायचं, मला दहा मिनिटं. लई भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू!

धाकटा भाऊ मुरगूडला शेती करतो. उसातलं त्याला सगळं कळतं, पण फॉर्म समोर आला की हात वर. "दादा, तुमीच बघा की." त्याची थोरली पोरगी तलाठी व्हायचं म्हणून माझ्याकडं राहून अभ्यास करायची. पहाटे उठायची, स्वतःचा चहा करून घ्यायची, बरोबर माझाही ठेवायची. आमच्या समाजाला नव्यानं मिळालेल्या आरक्षणातून तिनं परीक्षा दिली आणि गुणही चांगले पडले. घरात पेढे आले. आणि तेवढ्यात कोर्टानं त्या आरक्षणालाच स्थगिती दिली.

मग सरकारनं सांगितलं, ज्याला पाहिजे त्यानं आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला लावावा, पण मग आधीच्या आरक्षणावरचा हक्क सोडायचा. पोरगी दाखला काढूनच आली होती. म्हणाली, "काका, मैत्रिणींनी बदलून घेतलंय. मी पण बदलू?"

झालं! माझ्यातला मास्तर उठला. तिला समोर बसवून अर्धा तास घेतला. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. पन्नास टक्क्यांची मर्यादा घटनेत लिहिलेली नाही, ती कोर्टानं घातलेली आहे. सगळ्या पक्षांनी मिळून केलेला कायदा असा उडत नसतो. "हक्काचं सोडून दुसऱ्याच्या दारात कशाला जातीस गं? थांब जरा."

ती थांबली. कायद्यावर तिचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता.

कायदा उडाला. निकाल लागला त्या दिवशी मी कट्ट्यावर गेलो नाही. ज्यांनी दाखला बदलला होता त्यातल्या दोघी, हिच्यापेक्षा कमी गुणांच्या, आज गावचे सातबारे सांभाळतात. हिचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. मी अर्ज लिहिले, मुंबईला खेटे घातले, आमदारांच्या बंगल्यावर रांगेत उभा राहिलो. ते म्हणाले, "मास्तर, आता घटनादुरुस्तीच पाहिजे बघा." विरोधातल्या पुढाऱ्याकडं गेलो, तोही तेच म्हणाला. दोघांनी आपापल्या पुढच्या सभेत तेच भाषण ठोकलं आणि दोघांना टाळ्या पडल्या.

भावानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. "नशीब हो दादा, दुसरं काय." त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरीचं लग्न झालं, बिद्रीला गेली, तिथं औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहते. अभ्यास सोडलेला नाही.

परवा रविवारी ती आली. नवी जाहिरात निघालीय. वयात बसायची तिची ही शेवटची भरती आणि फॉर्मची तारीख त्याच दिवशी संपणार. यावेळी पिशवीत दाखले दोन. एक, जुन्या दप्तरात पणजोबाच्या नावापुढं कुणबी सापडलं म्हणून निघालेला. दुसरा, पुन्हा केलेल्या नव्या कायद्याचा. दोन्हींवर कोर्टात वाद चालू, आणि फॉर्मात लावता येणार एकच. टीव्हीवर दोन वकील त्याच्यावरच भांडत होते, मी आवाज बंद केला.

तिनं दोन्ही कागद माझ्या पुढ्यात ठेवले, मोबाईलवर फॉर्म उघडला. "काका, कुठला लावू?"

मी चष्मा पुसला. दोन्ही दाखले वाचले, पुन्हा वाचले. आणि जन्मात पहिल्यांदा म्हणालो, "मला म्हाईत न्हाय, बाळ."

मला वाटलं, आता तरी ही चिडेल. मागचं सगळं काढेल. काढायला पाहिजेच होतं. पण ती घाबरली. तिचा चेहराच उतरला.

"असं नका म्हणू ओ काका. चुकलासा तरी चालंल, पर तुमी कायतरी सांगा की."

अंगठा मोबाईलवर धरून ती माझ्या तोंडाकडं बघत बसली होती, आणि मी दोन्ही दाखले तिसऱ्यांदा वाचायला घेतले.