नहरीचे तोंड उघडविणारे लीभाई

गेल्या महिन्यात कचेरीबाहेर एका कोष्ट्याची दरख्वास्त लिहीत बसलो असता, आमच्या नहरीची, म्हणजे मोहल्ल्यास पाणी आणणाऱ्या जमिनीखालच्या नळाची, देखभाल करणारे करीमभाई मिस्त्री धापा टाकीत आले. "मुन्शीजी, लीभाई गेले." आमची लेखणी आयुष्यात प्रथमच वाक्याच्या मध्यावर थांबली…

लीभाई चीन मुलखाचे. रेशमी कापडाचे गाठोडे खांद्यावर घेऊन ते औरंगाबादेत आले आणि बेगमपुऱ्यात, आमच्या शेजारच्या खोलीतच राहिले. ताओ नावाच्या मताचे ते अनुयायी होते. ताओ म्हणजे वाट, असे ते सांगत. जे आहे ते बदलत असते, बदलणे हेच त्याचे असणे. थांबविले की ते नासते. आम्ही चार इयत्ता फार्सी शिकलेले. आम्हांस हे तत्त्वज्ञान फार दिवस कच्चे वाटले.

मग तो कोरडा उन्हाळा आला. मोहल्ल्याचा हौद भरून उरलेले नहरीचे पाणी खालच्या तोंडाने खाम नदीत जाई. ते वाचवावे म्हणून आम्हीच सरकारात दरख्वास्त करून ते तोंड चुन्याने बंद करविले. मोहल्ल्याने आम्हांस हार घातले! पुढे मात्र पाणी मंदावले, नळात गाळ बसला, हौद आटला. हुकूम आला की, महिन्याभरात पाणी न आल्यास नहरीची ही शाखा कायमची बंद होईल.

"खालचं तोंड उघडा," लीभाई म्हणाले.

करीमभाई भडकले. "नळात आहे तेवढं पाणी पण सोडून द्यायचं? डोकं फिरलं का तुमचं?"

"अडवलं म्हणून मेलं. जाऊ द्या, म्हंजे येईल."

"बंद करायची दरख्वास्त मुन्शीजींची, आता उघडायची पण त्यांचीच व्हय? लई हसतील लोक!"

आपल्याच लेखाविरुद्ध लेख लिहिणे अर्जनविसास मरणप्राय असते. दोन दिवस आम्ही घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी लिहिले : "अर्जदाराची पूर्वीची दरख्वास्त चुकीची होती. नहरीचे खालचे तोंड उघडावे." आमच्या हातून उतरलेली ती सर्वांत आखूड आणि सर्वांत सुंदर दरख्वास्त होय.

मंजुरी येताच करीमभाईंनी पहारीने चुना फोडला. काळा चिखल, मुळ्यांचे झुपके धडधडत बाहेर पडले. सारा दिवस घाण पाणी नदीत गेले आणि लोकांनी आम्हांस व लीभाईंना यथेच्छ शिव्या घातल्या. दुसऱ्या दुपारी हौदात मनगटाएवढी स्वच्छ धार कोसळली! करीमभाईंनी लीभाईंना खांद्यावर घेतले. ते ओरडत होते, "उतरवा! मी काय केलं नाय, पाणी आपलं आलं!"

शेवटच्या आजारात आमचे डोळे भरले तेव्हा ते रागावले. "मुन्शीजी, मला पण अडवता काय?"

त्यांच्या पश्चात मोहल्ल्याने ठरविले की, खोलीस कुलूप लावून आठवण जशीच्या तशी जपावी. आम्ही साफ नकार दिला. आज तेथे फर्दापुराहून आलेल्या विणकराचा माग चालतो, खिडकीत त्याच्या लेकराची झबली वाळतात. आम्ही रोज दाराशी थांबून विचारतो, "काय, कसं काय?" माग न थांबवता तो आतून ओरडतो, "चाललंय, मुन्शीजी!"