जुळलेल्या खुणा

मी सहकाऱ्याच्या खुणा चोरून पाहिल्या, ही माझी चूक. दुकानांतल्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये भांडण कोणतं आणि मस्करी कोणती, हे आम्ही दोघांनी एकमेकांचं न बघता ठरवून तशी खूण करायची होती. तसं जुळलं, तरच संशोधनातले आकडे खरे.

सिल्लोडचा हा सहकारी ऐकता ऐकता रेकॉर्डिंगशीच बोलायचा. "लई ताणू नको रे, दे त्याला." गिऱ्हाइकानं शिवी दिली की हसून 'मस्करी' लिहायचा. ते बघून मी माझं 'भांडण' खोडून 'मस्करी' लिहायचो.

खुणा जुळल्यावर तो विभागभर सांगत सुटला, "सरांचे अन् माझे कान एकच हायेत."

अहवाल पाठवायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या टेबलाशी गेलो.

"तुमचं बघून मी माझं बदललं. माफ करा. मला ती भांडणंच ऐकू आली होती."