सांगडीची पाटी

भीमेच्या अलीकडं आमचा दौंड तालुका, पलीकडं शिरूर. मास्तरकी संपल्यावर गावातल्या जुन्या चावडीत आम्ही काही जणांनी दोन खोल्यांचं संग्रहालय मांडलं. वस्तूंच्या पाट्या लिहिणं माझ्याकडं आलं.

बौद्धवस्तीतल्या एका म्हाताऱ्या मावशींनी वाळक्या भोपळ्यांची सांगड आणून दिली. तरुणपणी ती कमरेला बांधून त्या नदी ओलांडायच्या, पलीकडच्या वाळूत कलिंगडं लावायला. मी पाटी लिहिली : ‘नदी ओलांडण्याचे जुने साधन.’ त्यांनी ती सुनेकडून वाचून घेतली.

“येवढंच, गुरुजी?”

“अजून काय लिहू?”

“दिवाळीपतूर पाणी उतरायचं, वाळू उघडी पडायची. तवा वेल लावायचो. मग दिवाळीनंतरबी पूर याया लागला. दोनदा वेल वाहून गेलं. राहिली ती वाळू लोकांनी उपसली. पूल झाला म्हणून न्हाई सोडली आम्ही नदी.”

मी हसलो. “मावशी, हे हवामानाचं झालं. इथं इतिहास लिहायचाय.”

त्यांनी पदरानं सांगडीवरची धूळ पुसली आणि निघून गेल्या.

पुढच्या वर्षी रांजणगावाकडच्या एका शाळेची सहल आली. एका मुलीनं सांगडीकडं बोट दाखवत विचारलं, “सर, ही वापरायची बंद का झाली?”

“पूल झाला ना,” मी म्हणालो. म्हणालो आणि माझा मलाच खोटेपणा जाणवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वही घेऊन मावशींकडं गेलो. त्या खाटेवर होत्या. महिन्यापूर्वी अर्धांगवायूचा झटका आलेला. “वळखत्यात, पर बोलता येत न्हाई,” सून म्हणाली.

तरी मी विचारलं. पूर कुठल्या महिन्यात आला होता? एकेक महिना म्हणत गेलो. कार्तिक म्हणालो, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. तो होकार होता की थकवा, मला कळलं नाही. वही कोरीच घेऊन परतलो.

त्या गेल्यावर मी पाटी बदलली. आठवलं तेवढं त्यांच्याच शब्दांत लिहिलं. खाली एक ओळ घातली : ‘याहून जास्त त्यांना ठाऊक होते. आम्ही वेळेवर विचारले नाही.’

संग्रहालयाच्या समितीतले आप्पा म्हणाले, “शेवटचं खोडा. आपलीच बेअब्रू व्हईल.”

“होऊ द्या,” मी म्हणालो. “फक्त ‘आम्ही’च्या जागी ‘मी’ लिहितो.”