पाठ केलेली ओपनिंग आणि मामाजींचे नियम

बुद्धिबळवाल्या मंडळींनो, हिंगण्याच्या कंपनी बसमध्ये आठवडाभर मोबाइलवर बघून मी एक ओपनिंग पाठ केली होती. आज सुट्टी होती, म्हणून सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना म्हटलं, एक डाव होऊन जाऊ द्या.

मी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं.

"काहून पळवून राहिली वं त्याले? प्यादं एकच घर चालते," मामाजी म्हणाले. ते गावाकडे शिकलेले, तिथे असंच खेळतात.

माझी ओपनिंग पहिल्याच चालीला संपली. मुकाट्याने प्यादं एक घर मागे घेतलं आणि त्यांच्या नियमाने खेळले. तरी त्यांचा राजा कोपऱ्यात कोंडला. पुढच्या चालीत मात होती. तेवढ्यात तो राजा घोड्यासारखी अडीच घरं उडून निसटला! म्हणे, राजाले एकदा उडी असते.

मी हरले. जाम चिडले. "नियम आधी सांगायचे ना, मामाजी!"

सोंगट्या डब्यात भरत ते म्हणाले, "बरं, उद्या तुह्या नियमानं खेळू."

लग्नाला अकरा वर्षं झालीत. या घरात हे वाक्य मी आज पहिल्यांदा ऐकलं.

उद्या हरून चालणार नाही. एखादी भक्कम ओपनिंग सुचवा.